भजनाची हमाली

संगणक शिकवणाऱ्या बाईला काय काय येत असावं, याबाबत लोकांच्या कल्पना फार उदार असतात. मुलुंडच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत संगणक शिकवला. म्हणजे खरं सांगायचं तर माउस कसा धरायचा, तो शेजारच्याच्या डोक्यात का मारायचा नाही, आणि घराचं चित्र काढून त्याच्या कौलांत लाल रंग कसा ओतायचा, एवढं शिकवलं. पण आमच्या सोसायटीत गिझर तापेना, टीव्हीवर मुंग्या आल्या, लिफ्ट अडकली, की पहिला फोन मला. "परबबाई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना?" लिफ्टमध्ये अडकलेल्या गृहस्थांना मी एकदा "बंद करून चालू करा" असा सल्ला दिला होता. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

त्यामुळे ‘आपली बारी’ या संकेतस्थळाचं बिल सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं नव्हतं. शाळेतली नोकरी पगाराची होती आणि ही बिनपगारी. सांगण्यासारखं मात्र जे काही घडलं, ते या बिनपगारी नोकरीतच.

ज्यांचं गाव कोकणात नाही त्यांच्यासाठी आधी डबलबारी सांगते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा एक बुवा. मागे पखवाज, झांजा आणि गळे ताणणारा कोरस. एका बुवाने आपल्या पाळीत गायचं आणि गाता गाता समोरच्याला पुराणातला एखादा अवघड सवाल टाकायचा, जमल्यास दोन टोमणेही. मग समोरच्याने आपल्या पाळीत त्याची परतफेड करायची. ही एकेक पाळी म्हणजे बारी. देवाचं नाव घेत घेत एकमेकांची उतरवण्याची इतकी सभ्य सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आमचे तावडेबुवा त्यातले. ते भांडुपला राहतात, आमच्या सासरच्याच गावचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा चालवली, पण बुवाकी सोडली नाही. आता दम पुरत नाही म्हणून गाणं थांबवलंय. तर या बुवांनी घरोघर जाऊन जुन्या बाऱ्यांच्या कॅसेटी गोळा केल्या. गेलेल्या बुवांच्या घरच्यांनी त्या कुठे कुठे जपल्या होत्या. एका वहिनींनी तर दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरल्या होत्या. बुवा प्रत्येक दारात एकच वाक्य बोलले, "वहिनी, ह्या कोणालाही ऐकता येतील, गावातून, मुंबईतून, कुठूनही. पैसा पडणार नाही." त्या शब्दावर लोकांनी कॅसेटी दिल्या.

मग माणसं जमत गेली. कुणी कॅसेटी संगणकात उतरवायचं, कुणी बुवांची आणि पखवाजवाल्यांची नावं लिहायचं, कुणी "ही बारी त्या वर्षीची नव्हेच" म्हणून भांडायचं. सगळे हौशी, पगार कुणालाच नाही. आमचे हे, म्हणजे विलास परब, बुवांच्या मागे बसून झांज वाजवायचे, म्हणून यांना आवाज तपासायचं काम. यांना घरातही झांजेची सवय आहे, विशेषतः मी बोलत असताना. आणि संतोष घाडी पखवाजवाला. त्याचं घाटकोपरला फ्लेक्स छापायचं दुकान आहे, म्हणून चित्रं आणि सजावट त्याच्याकडे. राहिला सर्व्हर, तो कॉम्प्युटरवाल्या बाईकडे.

सर्व्हरचं बिल कसं येतं, हे मी बुवांना समजावलं तसंच तुम्हाला सांगते. आपल्या बाऱ्या दूरदेशी कुणाच्या तरी गोदामात ठेवलेल्या असतात. जागेचं भाडं किरकोळ. पण कुणी बारी ऐकली की ती गोदामातून उचलून त्याच्या फोनपर्यंत पोचवायची हमाली लागते. दहा जणांनी ऐकली तर दहादा हमाली. म्हणजे दुकान जितकं चालेल तितका आपला खर्च वाढणार, आणि गल्ला तर नाहीच.

बुवांनी विचार केला. "म्हणजे आपलां भजन आपणच ऐकूचां, आणि पैसे तेंका?"

"हो."

"आणि ते ऐकतत काय?"

"नाही."

"मग कसली अक्कल तेंका," बुवा म्हणाले आणि विषय मिटला.

सुरुवातीला हे पैसे आम्ही आपापसांत काढायचो. पण ऐकणारे वाढत गेले आणि त्यांच्या तऱ्हाही. बऱ्याचदा रात्री हमालीचा आकडा एकदम उसळायचा. कारण शोधलं तेव्हा कळलं, कुठेतरी प्रत्यक्ष सामना चालू असायचा. समोरच्या बुवाने सवाल टाकला की या मंडळाची पोरं फोन काढून आमच्याकडे जुन्या बाऱ्यांत उत्तर शोधायची. ते सापडेपर्यंत बुवा आलाप लांबवायचा. आणि समोरची पोरं त्याच वेळी आमच्याचकडे पुढचा सवाल शोधत असायची. बुवांना हे सांगितलं तर ते खट्टू झाले. "आमच्यावेळी ही सोय असती तर मी कांजूरला हरलो नसतो," एवढंच म्हणाले.

एक गृहस्थ तर महिनाभर एकच बारी अहोरात्र ऐकत होते. मी काळजीने फोन केला. म्हणाले, "आम्ही गावी आलोय. मुलुंडचं घर बंद आहे ना, म्हणून तुमची बारी लावून ठेवलीय. चोराला वाटतं आत वीसेक माणसं आहेत."

"अहो, पण त्याची हमाली आम्हाला पडते."

"मग काय बंद करू? चोरी झाली तर?"

शेवटी ती बारी फोनमध्ये कायमची उतरवून कशी घ्यायची ते मी त्यांना शिकवलं. त्यांचा चोर आता फुकटात ऐकत असेल.

बिल वाढलं तशी मी काटकसर सुरू केली. आवाज दाबून फायली हलक्या केल्या. बोलणं कळत होतं, गाणं कळत होतं, मी खूश. दुसऱ्या दिवशी बुवांचा फोन. "सूनबाई, ही झांज वाजता की फोडणी पडता?" यांनी पलीकडून मान डोलावली. झांज यांचीच होती. मी मुकाट्याने आवाज परत मोकळा केला.

मग मला कल्पना सुचली. माझी स्वतःची, हे अभिमानाने सांगते, कारण पुढे तो अभिमान टिकलेला नाही. आम्ही देणग्या मागायला लागलो होतो, पण देणगीदारांची नुसती नावं छापून कुणी खिशात हात घालत नव्हतं. मी म्हटलं, आपल्या मुंबईत माणूस कशाने खूश होतो? चौकातल्या बॅनरवर आपला फोटो बघून. तर पहिल्या पानावर देणगीदारांचे फोटो लावू, फेटे-गॉगलसकट, खाली ‘शुभेच्छुक’. संतोषच्या दुकानात या कामाचे तयार नमुनेच होते. त्याने मन लावून केलं. कडेला फुलं, मागे सूर्याची किरणं.

पैशाचा ओघ सुरू झाला. बोरिवलीचे मेस्त्रीशेठ, फर्निचरचं मोठं शोरूम असलेले, सगळ्यांत वरच्या ओळीत. त्यांना बघून त्यांचे साडू आले, साडूंना बघून भाचे. फोटो वाढत गेले. मी बैठकीत छाती काढून सांगितलं, "बघा, संस्था कशी वाढतेय."

गंमत अशी की बिलही त्याच वेगाने वाढत गेलं. देणगी आली की महिनाभर सुटकेचा श्वास, पुढच्या महिन्यात पुन्हा ओढाताण, मग आणखी देणगीदार, आणखी फोटो. मी सगळ्यांना समजावायची, ऐकणारे वाढले की असंच होणार. ऐकणारे वाढत होते हेही खरं. बिलाच्या खाली बारीक अक्षरांत कोणती वस्तू किती उचलली याचा तपशील असतो. तो मी उघडून पाहायची नाही. विजेच्या बिलाची मागची बाजू तरी कोण वाचतं?

गणपती महिन्यावर आले. त्या दिवसांत आमच्याकडे ऐकणाऱ्यांची झुंबड उडते. त्या वर्षी तशी उडाली असती तर बिल भरणं शक्यच नव्हतं, आणि बिल थकलं की ते लोक गोदामाला टाळं लावतात. बुवांच्या भांडुपच्या घरी आम्ही चौघे बसलो. यांनीच विषय काढला. "फी लावू. महिन्याला थोडी. ज्याला ऐकायचंय तो भरेल."

"भरेल ना," संतोष म्हणाला. "लोक पिझ्झाला देतात."

काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, चहा आणला, तो बुवांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "लावा. पण आधी मला सगळ्या कॅसेटी परत द्या. एकेका घरी नेऊन देतो. ज्या शब्दावर आणल्या तो शब्द राहिला नाही, मग वस्तू कशी ठेवायची?"

"अहो बुवा, ती माणसं समजून घेतील," हे म्हणाले.

"घेतील रे. पण थंय जावन मी तोंड कसां दाखवू ता सांग."

शेवटी ठरलं की गावाकडच्या लोकांना विचारून बघू, फी जमेल का. गावाकडचे लोक म्हणजे माझी धाकटी जाऊ सुलभा, कारण तिच्याशी बोलताना मला लाज वाटत नाही.

आमच्या गावात रेंज नाही. फोन करायचा तर सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, चढून जावं लागतं. सुलभा संध्याकाळी बायकांबरोबर सड्यावर गेली आणि तिने फोन लावला. मी जरा प्रस्तावना करून विचारलं, "सुलभे, भजन ऐकायला थोडे पैसे पडले तर तुम्ही ऐकाल ना?"

"भजन?" ती म्हणाली. "ताई, भजन खय ऐकतंव आमी? आमका नुसती डोकी दिसतत."

"कसली डोकी?"

"ती वरची. आधी केस येतत. मगे कपाळ. मगे भुवयो. त्या बोरिवलीच्या शेठची मिशी येयसर दिवसाचां नेट संपता. भजन रवला तळाक." मागे बायका हसत होत्या. "आणि ताई, शेजारची म्हातारी विचारी होती, हे सगळे एकदम वारले काय म्हणान."

मी पोट धरून हसले. फोन ठेवला, हसतच स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आत माझं हसणं थांबलं.

बाहेर येऊन मी तो बारीक अक्षरांतला तपशील उघडला.

संतोषने फोटो दिले होते ते त्याच्या धंद्याच्या सवयीने. चौकात वीस फुटी बॅनर लावला तरी मिशीचा केस न् केस दिसेल, असे. आमच्या पानावर ते टपाल तिकिटाएवढे दिसायचे, पण गोदामातून उचलून यायचे ते चौकाच्या मापाचे. एका माणसाचं डोकं एका अख्ख्या बारीएवढं जड होतं. आणि बारी ज्याला हवी तोच उचलायचा, डोकी मात्र पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पोचवली जात होती, मग तो काही ऐको न ऐको. देणगीदारांचे आभार मानायचा खर्च त्यांच्या देणगीच्या पुढे गेला होता. आभारासाठी पैसे कमी पडले की आम्ही नवे देणगीदार आणत होतो आणि त्यांचेही आभार मानत होतो.

"तू मला साइज सांगितली नाहीस," मी फोनवर संतोषला म्हटलं.

"बाई, तुम्ही विचारली नाहीत. मी आपली बेस्ट क्वालिटी दिली. घरचं काम म्हणून."

हे पलंगावर बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर शांतपणे म्हणाले, "त्या लिफ्टमध्ये अडकलेल्यांनाही आता तू सॉरी म्हणून टाक. सगळ्यांची माफी एकदमच मागून होईल."

फोटो बारीक करणं हे काम तसं सोपं. शाळेत कौलं रंगवून झाली की सातवीच्या पोरांना मी तेच शिकवायची, आणि त्यांतलं कुणी असतं तर माझे कान धरले असते. दुपारभरात सगळी डोकी तिकिटाच्या मापाची केली. पानावर काही फरक दिसत नव्हता. मी बुवांना कळवलं, फी नको, कॅसेटी कुठे न्यायला नकोत. बुवा नुसतं "बरां झाला" म्हणाले, पण मागून काकूंचा आवाज आला, "आज जेवले एकदाचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रीशेठांचा फोन. "बाई, माझ्या तोंडाला काय झालं?"

शेठ ते पान शोरूममधल्या भिंतीएवढ्या टीव्हीवर लावत. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं की समोर शेठ, मागे किरणं. आता तिथे नुसते चौकोनी ठिपके दिसत होते. "माझा साडू हसतोय. म्हणतो, पैसे संपले वाटतं तुझे. मी काय कमी दिलं का? तसं असेल तर सांगा, मी थांबतो."

ते थांबले असते तर साडू थांबले असते आणि भाचेही. गणपतीच्या तोंडावर आम्ही पुन्हा फीपाशी आलो असतो. म्हणून बुवा, हे आणि मी बोरिवलीला गेलो.

शेठांनी मानाने बसवलं, थंड मागवलं, पण चेहरा फुगलेला. मी गोदाम, हमाली, डोक्याचं वजन, सगळं समजावलं. शेठ म्हणाले, "वजन आहे ना? मग त्याचं मी देतो की. माझं एकट्याचं डोकं मोठं ठेवा."

"मग साडू म्हणतील, माझंही," हे म्हणाले.

"त्याची ऐपत नाही."

"ऐपत कर्ज काढून येते, शेठ. डोक्यासाठी तर नक्कीच."

शेठांना हसू आलं, पण ते हटेनात. बुवा इतका वेळ एका नव्याकोऱ्या सोफ्यावर प्लास्टिकसकट बसून होते. ते एकदम सावरून बसले, मांडी घातली, डोळे मिटले, आणि बारीत मध्येच गाणं थांबवून बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारतात त्या सुरात म्हणाले, "मुक्काम बोरिवलीचे श्रीयुत अनंत मेस्त्री यांजकडून या बारीस सप्रेम भेट. मंडळ आभारी आहे."

यांचे हात आपोआप समोरच्या सागवानी टेबलावर गेले आणि त्यांनी त्यावर ठेका वाजवला. शोरूमभर घुमला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

शेठांनी नकळत हात जोडले होते. ते तसेच ठेवून म्हणाले, "आमचे बाबा गावच्या बारीला नेहमी पुढे बसायचे. बुवाने नाव पुकारायला सुरुवात केली की खिशात हात घालायचे, आणि रिकामाच बाहेर काढायचे."

बुवांनी डोळे उघडले.

"माझं नको," शेठ म्हणाले. "विश्राम मेस्त्री म्हणा. आणि परत एकदा म्हणा. थांबा, आईला फोन लावतो."

त्या आठवड्यात आम्ही सगळी डोकी काढून टाकली. त्याजागी बुवांच्या आवाजात नावं. एकेक पुकारा अर्ध्या मिनिटाचा, वजन वेलदोड्याएवढं. लोकांना फोटोचा विसर पडला. बहुतेकांनी स्वतःचं नाव मागे घेऊन आईचं नाहीतर वडलांचं दिलं. एकाने आपल्या सोसायटीच्या कंजूष सेक्रेटरीचं नाव दिलं, त्याला लाज वाटावी म्हणून. सेक्रेटरींनी ते सगळ्या इमारतीला ऐकवलं. संतोषला जरा वाईट वाटलं. "बाई, निदान किरणं तरी ठेवा," म्हणाला. किरणं ठेवली, हलकी करून.

गणपती आले आणि गेले. पुढच्या महिन्याचं बिल उघडलं, तर आकडा गेल्या खेपेपेक्षा मोठा होता. या वेळी मी आधी बारीक अक्षरं वाचली. मग बुवांना फोन केला.

"बुवा, बिल वाढलंय."

"आता कोणाचा डोक्या?"

"कुणाचंच नाही. सगळं ऐकलेलं आहे. नुसत्या बाऱ्या उचलल्यात लोकांनी. गावाकडून किती तरी."

"नुसत्या बाऱ्या?"

"नुसत्या."

"मग भरूया," बुवा म्हणाले. "जेवून गेलेल्या माणसांचां बिल ता. त्येका कसली भीती."

देणग्या होत्या, थोडे आम्ही चौघांनी घातले, मेस्त्रीशेठांनी न विचारता घातले. मी माझ्या कार्डावरून रक्कम भरली. दहा मिनिटांत बँकेतून एका मुलीचा फोन आला. परदेशात नेहमीपेक्षा मोठी रक्कम गेली होती, म्हणून खात्री करायची होती.

"मॅडम, कशाबद्दलचं पेमेंट आहे हे?"

"हमालीचं," मी म्हटलं.

ती जरा थांबली. तिच्या यादीत तो पर्याय नसावा. "म्हणजे मॅडम, हा खर्च तुमचाच आहे ना?"

"आमचाच आहे," मी म्हटलं.